गाऊनमधल्या साहेबाची पेनल्टी

“माझ्या मापाचा गाऊन शिवून मिळेल का हो?”

विनार्सीनं मशीनवरून मान वर केली. दारात सिदोआर्जोतल्या कोळंबी-पापडाच्या कारखान्याचा मालक हार्सोयो, सगळ्यांचा ‘पाक’ म्हणजे साहेब, उभा. चाळिशीचा, पोट पुढे, लग्न राहूनच गेलेला.

“सतरा ऑगस्टची मॅच ना?” ती हसली. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाला पुरुषांनी बायकांचे गाऊन घालून फुटबॉल खेळायचा, ही आमच्याकडची रीतच. “हात वर करा.”

टेप पोटाभोवती फिरली. नजरा भेटल्या... आणि त्यानं पोट आत ओढलं.

“सोडा श्वास, पाक. श्वास धरून का गोल मारणार?”

“गोल तर होतोच माझा. नऊ वर्षं, दरवर्षी.”

“होतो — की करून देतात?”

तिला सगळं ठाऊक होतं. साहेब चेंडू घेऊन आला की बचाववाले खाली बसून गाऊनची घडी सारखी करत. चेंडू डावीकडून रांगत आला तरी गोली उजवीकडे झेपावे. लाचारीला आमच्याकडे आदर म्हणतात, दुसरं काय!

आणि हाच हार्सोयो एके काळी सकाळी सायकलवर पापड विकायचा नि संध्याकाळी गल्लीच्या संघाकडून फुकटात, अनवाणी खेळायचा. डावीकडून असा सुटायचा, की भिंतीवर बसलेली सोळा वर्षांची विनार्सी टाळ्या पिटता पिटता खाली कोसळली होती. ढोपरावरचा तो व्रण अजून आहे. नंतर बघायला आलेली दोन स्थळं तिनं परतवली, ती का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

“गोल झाला तर माझ्याबरोबर लोंटोंग कुपांग खायला याल?” त्यानं विचारलं. “नाक्यावर भाताच्या वड्यांबरोबर शिंपले ताजे मिळतात.”

“खरा झाला तर येईन, पाक.”

“पाक नका म्हणू. मास म्हणा.”

“मास आपल्या माणसाला म्हणतात. तुम्ही कारखान्याचे.”

तिनं गाऊन गुडघ्यांत मुद्दाम तंग शिवला. बघू या, पडल्यावर काय करतो!

मॅचमध्ये हार्सोयो तिसऱ्यांदा आपटला. जवळपास कुणी नव्हतं, तरी पंचानं शिट्टी फुंकली, “पेनल्टी!” पंच म्हणजे त्याच्याच गोदामाचा मुकादम. गोली सुक्री आधीच उजवीकडे कलला.

विनार्सीचं टाळकं सरकलं. गळ्यात टेप तशीच, ती थेट मैदानात घुसली. “हो बाजूला, लोचटा! मी उभी राहते.”

“म्बाक, अहो ताई, साहेब चिडतील!” मुकादम कळवळला.

“राहू दे तिला,” हार्सोयो हळूच म्हणाला. त्यानं गाऊन गुडघ्यापर्यंत टरकन फाडला, बूट काढून फेकले... आणि डावा पाय फिरवला.

चेंडू सणसणत आला. तिनं डोळे मिटून दोन्ही हात पुढे केले. थाड! चेंडू बाहेर.

आता टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची, कुणाला कळेना. हार्सोयो मातीत बसला आणि पोट धरून हसत सुटला.

“अहो, अडवलात की!”

“मग? मी काय तुमचा पगार खाते?”

“म्हणजे... लोंटोंग गेला.”

तिनं लालभडक तळवे त्याच्यापुढे धरले. “गोल नाही झाला. पण फटका खरा होता. या फटक्यासाठी एकदा भिंतीवरून पडलेय मी.”

तो बघतच राहिला. “ती तू? अगं, तुझ्याकडे वळून बघताना पुढचा गोल हुकला माझा!”

तिचे कानही लाल झाले. मग तिनं त्याला हात देऊन उठवलं.

“चला, मास. भूक लागलीय.”

मागे मुकादमानं सवयीनं टाळ्या सुरू केल्या, सगळे सामील झाले.

“बंद करा रे!” दोघंही एकदमच ओरडले.