तुळजाबाईचा निकाल

आमच्या गायीनं वकिलाच्या गळ्यातला पांढरा बँड खाल्ला, तिथून हे सगळं सुरू झालं.

दुष्काळाचं साल. लिंबागणेशच्या पुढं आमची वाडी, आणि तिथल्या दूध संस्थेची मी सचिव. संस्थेच्या खटल्यासाठी माझी सही घ्यायला कड्याचे उत्तरेश्वर वकील आले आणि नेमके चंद्रीच्या तोंडाशी उभे राहिले.

"अवो, सोडवा की!"

"उपाशी हाय ती. तिच्या पुढ्यात कशाला उभे राहिलात?"

"मी... गायीकडं बघतच न्हवतो," म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. मला काय झालं कोण जाणे, सही वाकडी आली.

खटला तुळजाबाईनं लावला होता. ती आमच्याच वाडीची लेक, लग्न करून शिरूर कासारला गेली. सभासद गावातच राहणारा पाहिजे, असा संस्थेचा नियम. म्हणून तिचं नाव कटलं, आणि चारा फक्त सभासदांना, म्हणून तिच्या म्हाताऱ्या आईच्या म्हशीचा चाराही बंद झाला. खटला औरंगाबादच्या खंडपीठापर्यंत गेला. उत्तरेश्वर संस्थेकडून भांडले आणि जिंकले. मी पेढे वाटले! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

मग ते काम नसतानाही येऊ लागले. कडब्याची पेंढी पुढं करून "चंद्रीला आणलीय" म्हणायचे, बघायचे माझ्याकडं. एकदा बादली देता-घेता बोटाला बोट लागलं... निम्मं दूध सांडलं, दोघांनाही पत्ता नाही.

"अंजना — माझी होशील?"

हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तुळजाबाई आठवली. मला बाप नाही. आई आणि चंद्री, दोघी माझ्या सभासदत्वावर तगलेल्या. मी कड्याला गेले तर त्यांचं काय?

विचारलं तर संस्थेचे चेअरमन सुंदरराव हसतच म्हणाले, "पोरी, खंडपीठाचा निकाल हाय. तुळजाबाईला लागू ते तुला लागू. कुठल्याबी कोर्टात जा, तोच दाखला पुढं येणार."

मी उत्तरेश्वरांवर कडाडले. "तुमीच जिंकलात! आता तुमीच हरवा!"

"कसं हरवू? पुढचा जज बी मागचाच निकाल बघणार..."

ते मान खाली घालून गेले, आणि यायचेच थांबले. मला काही सुचेना. ज्याचा राग येतो त्याचीच वाट का बघते मी? आई जेव म्हणाली की रडू यायचं, चंद्री हंबरली की हसू.

एक दिवस ते आले. काळा कोट, नवा बँड, हातात पत्र्याची पेटी.

"निकाल परत वाचला, अंजना. तुळजाबाईचं नाव लग्न झालं म्हणून कटलं न्हाई. गाव सोडलं म्हणून कटलं. कोर्टानं तेवढंच कारण धरलंय."

"मग?"

"तू गाव सोडू नको."

"आन् लग्न?"

त्यांनी पेटी खाली ठेवली. "मीच नांदायला येतो."

"अगं बाई! घरजावई म्हणून लोक लई हसतील."

"हसू दे. पुढच्या पोरीला दाखला होईल."

हसावं की रडावं, कळेना. तुळजाबाईसाठी जीव तुटत होता आणि या माणसासाठी वेडा झाला होता, एकाच वेळी! "हो," मी म्हणाले, "पण तुळजाबाईचं काम बी तुमीच परत हातात घ्यायचं."

"घेतो. आता तिच्या बाजूनं. कोर्टात न्हाई, संस्थेच्या सभेत; नियमच बदलू."

आतून आई ओरडली, "जावईबापू, नांदायला आलात तर आधी शेण काढा!"

ते बाह्या सारून वाकले. चंद्रीनं नव्या बँडकडं हळूच मान लांबवली... या खेपेला मी तिला आवरलं.