मसाला पॅकिंगचे चौदा फोटो

मुकुंदराव जामबागेतल्या जयवंताबाईंच्या खोलीत आले तेव्हा त्या एकट्याच जेवत होत्या. खासगी तपास करणाऱ्या बाईकडे पाहुणा म्हणून कोणी येत नसे. जो येई तो काहीतरी हरवूनच.

"फायलीतून चौदा फोटो गेलेत," मुकुंदराव म्हणाले. "कपाटाची किल्ली फक्त आमच्या लेखकाकडे, एकनाथरावांकडे. संध्याकाळपर्यंत मिळाले नाहीत तर त्यांना घरी बसवणार."

मुकुंदरावांची संस्था दिलसुखनगरात होती. कारखान्यांतल्या कामगारांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची पुस्तकं तिथे तयार होत. राज्याची वाटणी झाल्यामुळे नव्यानं मान्यता घ्यायची होती. उद्या सरकारी तपासनीस पुस्तकांतल्या फोटोंची जुनी फाइल बघणार, मग नवे फोटो काढायचे आणि जुने रद्दीत.

"रद्दीत जाणारे फोटो चोरून मिळणार काय?" मागोमाग आत आलेल्या हिम्मतरावांनी विचारलं. हे शेजारचे निवृत्त बँक कारकून. घर खायला उठतं म्हणून बाईंबरोबर हिंडत. डोकं जरा सावकाश चाले.

संस्थेत बाईंनी फाइल उघडली. मसाला भरायच्या यंत्रावर काम करणारे नुसते हात. चाळीसपैकी चौदा फोटो खाचांतून अलगद सोडवलेले, पान एकही फाटलेलं नाही. मध्ये कडुलिंबाचा हिरवा पाला होता.

"दिवाळीनंतर चार महिने मी ही उघडलीच नाही," पुस्तक लिहिणारे एकनाथराव म्हणाले. "बाई, नोकरी गेली तर मी दिवसभर करू काय? घरी बोलायला भिंती आहेत."

"हे हात कोणाचे?"

"बेगम बाजारातल्या कामगारांचे. आमच्यात चेहरा घेत नाहीत, शिकणाऱ्यानं हात बघायचा. गेलेले चौदाही एकाच बाईचे. डावखुरी होती, तिच्यासाठी मजकूर बदलावा लागला."

"नाव?"

"हातांचं नाव कोण विचारतं?"

फोटो काढणारा उमाजी वैतागला होता. "मला नवं शूटिंग भेटतंय. जुने घेऊन काय करू? कंप्यूटर खराब झाला, त्यात ओरिजिनल बी गेले."

शिपाई सूर्यभान चहा घेऊन आला. उजव्या हातानं त्यानं कप मांडले, प्रत्येकाचा कान डावीकडे. हिम्मतरावांनी कुरकुरत आपला फिरवून घेतला.

"पाला कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

"मीच ताई. दर शनिवारी सर किल्ली देतात. नाही घातला तर कसर लागती."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही. मंडळी जाऊन दोन वर्षं झाली. मग इथं लागलो."

बाईंनी चहा संपवला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"एकनाथरावांवर राग असता तर सगळी फाइल गेली असती. इथे जपून सोडवलेत, तेही एकाच बाईचे. म्हणजे चेहरा नसताना ते हात ओळखणारं माणूस. किल्ली एकनाथरावांकडेच, असं सगळे म्हणतात; शिपायाला कोणी मोजतच नाही. दिवाळीनंतर न उघडलेल्या फायलीत पाला हिरवा कसा? आणि उजव्या हातानं काम करणारा माणूस कपाचा कान डावीकडे ठेवतो, कारण त्याच्या घरी रोज चहा घेणारं माणूस डावखुरं होतं."

सूर्यभाननं शर्टाच्या आतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "माझी सरू हाय ती. पुसताना दिसली. जुने रद्दीत चालले म्हणून कळलं, तवा घेतले."

"मागायचे होतेस," मुकुंदराव म्हणाले.

"काय म्हणून मागू साहेब? तिचं नाव कुठं हाय त्याच्यावर?"

एकनाथरावांनी मान खाली घातली. त्या हातांवर त्यांनी तीन महिने मजकूर लिहिला होता.

उमाजीनं फोटो मोजले. चौदाव्याच्या कडा पार मऊ पडल्या होत्या. "हा दाखवायच्या लायकीचा नाही राहिला."

"हात धरल्याबिगर झोप लागत नाही," सूर्यभान म्हणाला. हे सांगताना त्याला लाज वाटत होती.

एकनाथरावांनी तेरा फोटो फायलीत लावले आणि चौदावा सूर्यभानच्या खिशात घातला.

"मुकुंदराव," ते म्हणाले, "एक फोटो माझ्या हातून हरवला असं लिहून घ्या. मी सही करतो."