तिसऱ्या मजल्याची परतीची हवा

पांढुर्ण्याच्या त्या चार मजली साडीच्या दुकानात मे महिन्यात अर्धं गिऱ्हाईक साड्यांसाठी येतं, अर्धं गारव्यासाठी. तो गारवा तळघरात योगेशच्या हाताखाली तयार होतो. मशीन पाणी थंड करतं, पंखे त्या पाण्याच्या नळ्यांवरून हवा वर ढकलतात, आणि माणसांनी तापवलेली हवा पत्र्याच्या मोठ्या डक्टमधून परत त्याच्याकडे येते. प्रत्येक मजल्याचा डक्ट वेगळा. त्यातून अत्तर येतं, घामाचा वास येतो, पोरांचं रडणंसुद्धा येतं.

तिसऱ्यावर त्याची बायको सुचिता साड्या दाखवायची. त्या डक्टला योगेशचा कान चिकटलेला. बायकोवर जीव होता हो त्याचा, पण संशयाचा किडा डोक्यात! घरी दोन गोड शब्द तोंडातून निघतील तर शपथ.

मंगळवारी दुपारी डक्टमधून सुचिताचं हसू आलं. मोकळं, खळखळून. मागोमाग कुणा माणसाचा हळू आवाज. योगेशच्या अंगाची लाही लाही झाली. हा अमोलच, तिसऱ्याचा मॅनेजर!

वर जाऊन विचारायचं सोडून या बहाद्दरानं तिसऱ्याच्या गार हवेची झडप बंद केली. बसा म्हणावं उकडत!

थोड्या वेळानं सुचिता म्हणाली, "लय गरम होऊन राहिलं जी."

"थांब, थंड करतो," माणूस म्हणाला.

झडपेची दांडी अजून योगेशच्या मुठीत होती. ती मुठीतल्या मुठीत आपोआप फिरली. झडप उघडली.

तो जिन्यानं धावत वर गेला. सुचिता एकटीच साड्यांच्या घड्या घालत होती.

"अमोल कुठं हाय?"

"ते तर सकाळीच सौंसरले गेले. काहून?"

"मंग कोणासंगं हसून राहिली होती तू?"

ती लाजली. "असं काय करता जी? आत्ताच तर तुम्ही येऊन गेले. किती दिवसांनी असे गोड बोलले."

योगेश तर तळघरातून हललाच नव्हता. भ्यायला हवं होतं. तो आधी जळला. काय बोलला असेल हलकट? विचारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी दुकान सुटलं. मशीन बंद करून तो फाटकाशी आला. त्याची मोटारसायकल जागेवर नव्हती.

किल्ली त्याच्याच खिशात होती.

गाडी घराकडे, तिगावच्या रस्त्याला लागली होती. चालवणाऱ्याच्या अंगात योगेशचाच शर्ट. मागे सुचिता.

तिचा हात त्या खांद्यावर होता. योगेशच्या खांद्यावर तिनं कधी हात ठेवला नव्हता.