मैदानावरची एकतीस मुलं

नव्या शहरात बदली झाली तेव्हा तिने नवऱ्याला बजावलं, "घर नंतर. आधी वस्ती शोधायची, आणि ती मी शोधणार."

नवरा हसला. बायको ताकही फुंकून पिणारी, हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

ती वाहतूक खात्यात मोजणीचं काम करायची. चौकात स्टूल टाकून बसायचं आणि गाडी गेली की मुठीतल्या यंत्राचा खटका अंगठ्याने दाबायचा. बारा वर्षांत तिचा अंगठा डोळ्यांपेक्षा हुशार झाला होता. आणि एवढं करून, जुन्या घरासमोर एका मोटारीने तिच्याच सहा वर्षांच्या लेकीला, ढमीला, उडवलं. हनुवटीला तीन टाके, एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून ढमीला सुखरूप ठेवायचं, ही दगडावरची रेघ.

मग तिने वस्त्याही चौकांसारख्या मोजल्या. पहिल्या वस्तीत मोटारी सुसाट. दुसरीत मैदान होतं, पण त्यावर फक्त पेन्शनर. तिसरीत पदपथावर स्कूटर उभ्या. चौथी मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. रुंद, शांत गल्ली, टोकाला कुंपणाचं मैदान, शाळा हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी साडेचारला ती बाकावर बसली आणि खटका दाबत गेली. एकतीस मुलं.

दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता, तरी एकतीस.

लाल स्वेटरातला एक पोरगा झोपाळ्याच्या दांडीला उलटा लटकून तिच्याकडे बघत होता. "काकू, काय मोजताय?"

"तुम्हालाच."

"मग? बरोबर आहोत ना आम्ही?"

समोरच्या फाटकातून त्याच्या आईने त्याला हाक मारली. त्या दातांच्या डॉक्टर. हात तेलाने काळे करून पोराच्या सायकलची साखळी बसवत होत्या. "या हो राहायला," त्या तिला म्हणाल्या. "इथे कसला त्रास नाही."

खात्यातले साहेब नेहमी सांगायचे, जो आकडा हलत नाही तो टेबलावर बसून लिहिलेला असतो. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण ढमीच्या हनुवटीवरचा व्रण आठवला, आणि तिने पालीला हाकलून दिलं.

सोमवारी ती ढमीला घेऊन राहायला आली. नवरा उरलेलं सामान घेऊन रविवारी येणार होता. मंगळवारी ढमी मैदानावर गेली आणि घटकाभरात साऱ्यांची लाडकी झाली. आई बाकावर बसली. सवयीने अंगठा चालू झाला.

एकतीस.

ढमी धरून बत्तीस व्हायला हवी होती. तिने पुन्हा मोजलं, मग यंत्र बाजूला ठेवून बोटांवर मोजलं. एकतीसच. तेव्हा तिच्या लक्षात आलं, झोपाळ्याच्या दांडीवर कोणीच नव्हतं.

डॉक्टरीणबाई अंगणात झाडांना पाणी घालत होत्या.

"तुमचा मुलगा आज दिसला नाही?"

"माझा?" बाई मोकळेपणी हसल्या. "अहो, आम्हाला मूलबाळ नाही."

"मग ती सायकल?"

बाईंनी भिंतीला टेकलेल्या सायकलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आधीच्या लोकांची असेल. टाकवत नाही, बघा."

ती तिथे थांबलीच नाही. हातपाय गाळणाऱ्यातली ती नव्हती. ढमीला तिने मैदानावरून उचलून आणलं, दार लावलं आणि नवऱ्याला फोन केला. "उद्या सकाळी परत येतोय. कारण विचारू नकोस."

"बरं. ढमीला दे जरा," तो म्हणाला, आणि बापलेक खूप वेळ खिदळत राहिले. ते ऐकून तिला धीर आला. तरी तिने पेन घेतलं आणि डाव्या तळहातावर ठळक अक्षरांत लिहिलं.

सकाळी मायलेकी निघाल्या तेव्हा समोरच्या रिकाम्या घराशी ट्रक उभा होता. सामान उतरत होतं. दोन वेण्यांची एक मुलगी केबिनमधून उडी मारून थेट मैदानाकडे पळाली.

तिने ढमीचा हात आवळला.

"आई, दुखतंय!"

"दुखू दे. सोडायचा नाही."

बसचा थांबा मैदानाच्या पलीकडे होता. कुंपणालगत चालताना तिने एकदाही आत पाहिलं नाही. आतून झोपाळ्याची करकर येत होती, शाळेची वेळ असूनही. खिशातल्या यंत्रावर अंगठा आपसूक पडत होता. खट्. खट्. खट्.

अंगठा थांबला.

बस आली. ती चढली.

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"एक."

खिडकीशी बसून तिने यंत्र काढलं. एकतीस. चांगली वस्ती होती, तिला वाटलं, पण आम्हा दोघांना एवढं मोठं मैदान काय करायचंय? उगाच हट्टाला पेटले.

डावी मूठ दुखत होती. कधीपासून आवळून धरली होती कोण जाणे. तिने ती उघडली. घामाने जरा फिसकटलं होतं, पण अक्षर तिचंच होतं. 'तुला मुलगी आहे. सहा वर्षांची. हात सोडू नकोस.'

कुठल्या तरी मोजणीतली नोंद असेल. तिने रुमालाचं टोक ओलं केलं, तळहातावर टेकवलं.

पण पुसवेना.