काळी रेघ, पांढरी शीर

"बाई, ती पायरी धुवायची नाहीये, बसवायचीये."

भूशास्त्रज्ञ मुलीने वर पाहिलं. शेडच्या दारात पाथरवट उभा होता, भुवयांपर्यंत दगडाच्या भुकटीने माखलेला. आणि ती ओल्या चुनखडकाला नाक लावून गुडघ्यांवर बसलेली!

नव्या वाचनालयाच्या जिन्यासाठी त्याने बावीस पायऱ्या घडवल्या होत्या. त्यांतल्या करवतीच्या दात्यांसारख्या काळ्या रेघा पाहून 'तडे गेलेत' म्हणत वास्तुविशारद अडून बसला होता. चार महिन्यांची मेहनत आता हिच्या एका सहीवर अवलंबून होती.

"तडे नाहीत हे," ती ठामपणे म्हणाली. "वरच्या थरांचं ओझं लाखो वर्षं पडत राहिलं, की दाबाखाली दगड पाण्यात विरघळतो. न विरघळणारी माती मागे उरते... ती ही काळी रेघ."

"आणि विरघळलेला दगड? तो कुठे पळाला?"

"लांब नाही. पाण्याबरोबर शेजारच्या फटीत शिरला, तिथेच स्फटिक होऊन बसला. ही पांढरी शीर—तोच तो."

त्याने शिरेवरून हलकेच अंगठा फिरवला. इतकी वर्षं दगडात काढली, पण हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाला. मग दुपारभर तो विचारत राहिला, ती सांगत राहिली. चहा दोनदा गार झाला.

वजन ठेवून पाहिल्याशिवाय मात्र ती सही करणार नव्हती. आठवडाभर रोज येऊन तिने एकेक पायरी तपासली. हल्ली घरून निघताना ती आरशात जरा जास्तच वेळ बघायची. एकवीस पायऱ्या टिकल्या. शेवटची, त्याची सर्वांत लाडकी, मातीच्या जाड रेघेवर कटकन दुभंगली. त्याचा चेहरा उतरला. पण त्याच्यादेखत तिने 'नापास' लिहिलं आणि मान खाली घालून निघून आली.

दुसऱ्या दिवशी तो थेट प्रयोगशाळेत हजर. अंघोळ करून, स्वच्छ शर्टात... तिने आधी ओळखलंच नाही.

"बाविसाव्या पायरीचा दगड तुम्हीच निवडून द्या," तो म्हणाला. "काल तुम्ही माझ्याकडे बघून पास केलं असतं ना, तर मी आज आलो नसतो. तुम्ही मला फार आवडता."

तिने शांतपणे बॅग खांद्याला लावली.

"चल."

"कुठे?"

"दगड बघायला. आणि आता मला अहो-जाहो करू नकोस. मलाही तू आवडतोस... कधीपासून, ते वाटेत सांगते."