ठोसरांना आठवणारे चित्रपट

चारशे प्रेक्षकांना एकाच आठवड्यात एकच चित्रपट दाखवण्यात आला. सर्वांनी तो शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याची कथा फक्त एकाला सांगता आली.

नाशिकच्या प्रेक्षकमापन प्रयोगशाळेने हा प्रयोग पुढे आणखी काही चित्रपटांवर आणि दोन मालिकांवर करून पाहिला. निकाल बदलला नाही. तो एक प्रेक्षकही बदलला नाही. त्यांचे नाव श्रीधर ठोसर. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. चित्रपटांचे खास वेड आपल्याला कधीच नव्हते, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. जेवताना समोर काहीतरी चालू असावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. चारुशीला बापट यांना या निकालाचे कौतुक नव्हते. चारशेमधला एकच वेगळा निघाला, की आधी उपकरण तपासावे, अशी त्यांची सवय होती. उपकरण तीन वेळा तपासून झाले होते आणि त्या थकल्या होत्या. प्रयोगाचा खर्च करणारी कंपनी घरोघरी चित्रपट आणि मालिका पुरवत असे. तिला आता धीर नव्हता. ठोसरांना 'प्रमाण प्रेक्षक' नेमायचे, यापुढचा प्रत्येक चित्रपट त्यांच्या मेंदूच्या प्रतिसादावर बेतायचा, म्हणजे तो लोकांच्या लक्षात राहील, असे तिने ठरवले होते. ठोसरांनी आनंदाने होकार दिला होता. प्रयोगशाळेने फक्त त्यांच्या स्मरणाचे कारण लिहून द्यायचे होते.

"कारण मिळालं नाही तरी कंपनी नेमणूक करणारच," डॉ. अन्वर मुल्ला म्हणाले. मेंदूविज्ञानाची बाजू तेच पाहत. "आपण 'उत्कृष्ट स्मरणशक्ती' असं लिहून मोकळं होऊ या का, मॅडम?"

"ते कारण नाही, अन्वर. ते निकालाचंच दुसरं नाव झालं. आणि त्यांची स्मरणशक्ती उत्कृष्ट नाहीये. शब्दांची यादी दिली तर माझ्याइतकेच विसरतात."

"मग फक्त चित्रपटच का आठवतात?"

"आधी उलटा प्रश्न घे. बाकीच्यांना का आठवत नाहीत?"

"ते तर समतल संपादनामुळे."

"मला माहीत नाही असं समजून सांग. कधीकधी सांगताना चूक सापडते."

मुल्लांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "लोक चित्रपट मध्येच बंद करतात ते कुठे, हे कंपनीनं शोधलं. अनपेक्षित काही घडलं, की काही जण उठून जातात. आवडतं पात्र अचानक मरतं, विनोद समजत नाही, कोणी उगाच गप्प बसतं. संगणकानं अशी प्रत्येक जागा घासून सपाट केली. मरायचं असेल तर पात्र आधी चार वेळा खोकतं. आता कोणी उठत नाही."

"आणि स्मृती?"

"तुम्ही आज दात घासताना काय झालं, मॅडम?"

"काही नाही."

"झालं होतं. पण अपेक्षेबाहेरचं काही नव्हतं. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर आला, की तो क्षण टाकून देतो. चुकला, तर साठवतो. त्या चुकीला आपण अपेक्षाभंग म्हणतो. प्रेक्षकाच्या डोक्याला आपण तारांची टोपी लावतो, तिच्यावर तो तरंगासारखा दिसतो. सपाट चित्रपटात अपेक्षाभंग नाही, म्हणून तरंग नाही, म्हणून आठवण नाही. लोक बघतात छान, पण दुसऱ्याला सांगायला त्यांच्याकडे काही नसतं. म्हणून नवे ग्राहक येईनात आणि कंपनी आपल्या दारात आली."

"आणि ठोसरांच्या टोपीवर?"

"तरंगच तरंग. त्याच चित्रपटात, मिनिटामिनिटाला."

बापटांनी नोंदींची फाइल पुढे ओढली. "ते चित्रपटाबद्दल नेमकं काय बोलतात?"

"कथा सांगतात. आपण आठवलेले प्रसंग मोजतो."

"प्रसंग नाही. त्यांचं मत काय असतं?"

"मत मोजता येत नाही. त्यामुळे ते आपण नोंदवतच नाही. तुम्हीच सांगितलं होतं तसं."

हे खरे होते. बापटांनी त्या दुपारी ठोसरांना स्वतः भेटायचे ठरवले.

ठोसर पत्नीसह आले. नलिनीबाईंनी कोऱ्या साडीची घडी मोडली होती. पुढच्या आठवड्यात नेमणुकीचा समारंभ होता आणि त्याची ही रंगीत तालीम असावी असा त्यांचा भाव होता. ठोसर खुर्चीत बसले. टोपीच्या तारा जोडल्या जात असतानाच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"तो वकिलाचा सिनेमा दाखवलात ना, मॅडम, एक नंबर. पण वकील उन्हाळ्यात छत्री कशाला घेऊन फिरतो, ते काही पटलं नाही. नटाला हात कुठे ठेवायचे कळत नसणार, म्हणून दिली असेल. आणि ती बहिणी-बहिणींची मालिका, तिच्यात धाकटीचं काम करणारी पोरगी रडते छान, पण रडून झाल्यावर लगेच भाजी निवडायला बसते. आमच्या घरी असं रडणं झालं असतं, तर दोन दिवस स्वयंपाक बंद."

"दोन नाही, एक," नलिनीबाई म्हणाल्या. "आणि ते तुमच्यामुळे."

"बघा. हिला आता मी काय बोलतो ते ऐकू येतं. चाळीस वर्षं ऐकू येत नव्हतं."

"तुम्ही बोलत कुठे होता? वर्तमानपत्राच्या मागे असायचात." त्या बापटांकडे वळल्या. "खरं सांगते डॉक्टर, एवढ्यात माणूस बदललाय. बिल्डिंगमधले लोक संध्याकाळी मुद्दाम थांबतात, ठोसरकाका, काल काय बघितलंत म्हणून विचारतात. आमच्याकडे कोणी कधी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं."

"उगाच नेमत नाहीयेत मला," ठोसर म्हणाले. ते हसत होते, पण आवाजात हसू नव्हते. "मॅडम, हे काम हातचं जाऊ देऊ नका. पैसे नकोत मला. माझं मत कोणी विचारलं, हीच पहिली वेळ आहे."

बापटांनी मान हलवली. वचन त्या कोणालाच देत नसत.

"वकिलाच्या चित्रपटात तुम्हाला सगळ्यांत काय आवडलं?"

"शेवट. खुनी त्याचा सख्खा भाऊ निघतो. मी खुर्चीतून उडालो."

बापटांनी मुल्लांकडे पाहिले. मुल्लांनी खांदे उडवले. दोघांनीही तो चित्रपट अनेकदा पाहिला होता. भावाचे गुपित शेवटपर्यंत राखलेले होते की पहिल्यापासून उघड होते, हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना. प्रयोगशाळेत ते कोणालाच सांगता आले नसते. ठोसरांचे मत बरोबर की चूक, हे तपासायला लागणारी आठवण तपासणाऱ्यांकडेच नव्हती.

"पुन्हा लावा," बापट म्हणाल्या. "नको, पाहिलेला नको. पुढच्या महिन्यात येणार आहे तो लावा. मी शेजारी बसते. मध्येमध्ये थांबवून एक प्रश्न विचारेन."

नवा चित्रपट एका खानावळीचा होता. पहिल्याच दृश्यात मालक गल्ल्यातला फोटो पाहून उसासा टाकतो. फोटोत एक लहान मुलगी. दुसऱ्या दृश्यात एक तरुण मुलगी काम मागायला येते. तिच्या गळ्यात फोटोतलेच लॉकेट. पार्श्वसंगीत हळवे होते. बापटांनी चित्र थांबवले.

"ही मुलगी कोण असेल?"

"आता काय सांगणार? कोणी का असेना. कामाला आलीय."

नलिनीबाई मागून हसल्या. "अहो, त्याची मुलगी आहे ती. हरवलेली."

"तू आधी पाहिलायस का?"

"मी कशाला पाहू? दिसतंय की."

चित्रपट पुढे सरकला. म्हाताऱ्या आचाऱ्याला खोकला आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला. बापटांनी थांबवले. "पुढे काय होईल?"

"औषध घेईल," ठोसर म्हणाले.

पुढच्या दृश्यात आचारी चौथ्यांदा खोकला आणि गेला. ठोसरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पडद्याशेजारच्या फलकावर तरंग उंच उसळला. नलिनीबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

बापटांनी आणखी काही वेळा थांबवून तोच प्रश्न विचारला. नलिनीबाईंचे प्रत्येक उत्तर बरोबर आले, ठोसरांचे एकही नाही. मग त्यांनी चित्र बंद करायला सांगितले आणि नलिनीबाईंना, अगदी सहज विचारल्यासारखे, विचारले, "घरी कशाकशाचं नवल वाटतं यांना?"

"सगळ्याचंच. परवा कुकरच्या शिट्टीला दचकले. पहिलीला नाही म्हणत मी, तिसरीला. जिन्याच्या शेवटच्या पायरीला अडखळतात. मी रोज त्याच वेळी देवळातून येते, तर दार उघडून म्हणतात, अगं, तू!" त्या किंचित लाजल्या. "मला बरं वाटतं ते. लग्न झालं तेव्हासुद्धा कधी म्हणाले नव्हते."

मुल्लांनी टोपीच्या तारा काढायला घेतल्या. त्यांचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

मेंदूचे चित्रण दुसऱ्या दिवशी झाले. कपाळामागे, अंदाज बांधण्याचे काम जिथे चालते त्या भागावर, एक गाठ होती. हळू वाढणारी. स्मृती साठवणारा भाग शाबूत होता.

"काढता येते," मुल्लांनी ठोसर दांपत्याला सांगितले. "आत्ता काढली तर सहज. वाट पाहिली तर आधी रस्ता ओलांडणं अवघड होईल, मग पुष्कळ काही."

 ठोसर चित्रणातल्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत होते.

"काढल्यावर सिनेमे?"

"इतरांसारखे," बापट म्हणाल्या. "बघाल, आणि विसराल."

"म्हणजे मी म्हणत होतो ते सगळं चूक? तो भाऊ?"

"तुम्हाला धक्का बसला, हे खरं होतं. चित्रपटात धक्का नव्हता."

"चांगला होता हो सिनेमा," ठोसर हट्टाने म्हणाले. मग पत्नीकडे पाहिले. "तू काय म्हणतेस?"

"काढायची."

"मग मी पुन्हा पेपर वाचत बसेन."

"बसा," नलिनीबाई म्हणाल्या. "मी पेपरच्या अलीकडून बोलेन."

त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेतली.

दांपत्य गेल्यावर मुल्ला खिडकीशी उभे राहिले. "कंपनी काय विचारेल, माहीत आहे ना? हा अंदाजाचा भाग निरोगी माणसात तासाभरापुरता मंद करता येईल का. टोपी उलटी चालवायची, मेंदूतलं वाचण्याऐवजी मेंदूत वीज सोडायची, बस. चित्रपट बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडेल."

"विचारेल."

"आपण काय सांगायचं?"

"नाही म्हणून."

"आणि दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेनं हो म्हटलं तर?"

बापट टेबलाशी येऊन बसल्या. ठोसरांच्या स्मरणाचे कारण न लिहिता थांबणे हा एक मार्ग होता, पण ठोसरांची नेमणूक रोखायची तर कारण लिहावेच लागणार होते. त्यांनी चष्मा पुसला, अहवाल उघडला आणि कोणतेही विशेषण न वापरता पुढील मजकूर लिहिला.

श्री. ठोसर यांना प्रमाण प्रेक्षक नेमू नये. त्यांच्या मेंदूच्या अग्रभागी गाठ असून तिच्यामुळे त्यांना पुढच्या क्षणाचा अंदाज बांधता येत नाही. अंदाजच नसल्याने त्यांच्यासाठी प्रत्येक क्षण अपेक्षाभंग ठरतो, आणि म्हणून साठवला जातो. त्यांच्या स्मरणाचे कारण हा आजार आहे. उरलेल्या सर्व प्रेक्षकांच्या मेंदूंत कोणताही दोष आढळला नाही. त्यांना चित्रपट आठवत नाहीत, कारण त्यांत आठवण्यासारखे काही शिल्लक ठेवलेले नाही.