डोंगरापुरता गिअर

चिझुरूला तो पहिल्यांदा दिसला तो नुसता बुटांपुरता.

जपानातल्या कोमोरो गावाच्या उतारावरच्या त्या गॅरेजात ती एका भाजीवाल्याच्या टेम्पोखाली आडवी पडली होती. बाहेर सप्टेंबरचा पाऊस रिपरिपत होता. दारात दोन बूट येऊन थांबले — काळे, चकचकीत आणि पार भिजलेले. भोवती पाण्याचं तळं साचलं तरी बूट हलेनात.

"काका आहेत का?" बुटांनी विचारलं.

"दवाखान्यात गेलेत. काम सांगा."

आवाज मुलीचा आहे हे कळल्यावर बूट जरासे गोंधळले. एक पाऊल मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. चिझुरू पाठीखालची फळी सरकवत बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर ऑइलचा पट्टा होता, आणि वर पाहिलं तर… बुटांचा मालक हसत होता. हातात छत्री असून तो नखशिखांत भिजला होता, कारण छत्री त्याने स्वतःवर नाही, काखेतल्या गाठोड्यावर धरली होती.

गाठोडं जांभळ्या कापडात नीट बांधलेलं. कुणाच्या घरी मिठाई न्यावी तसं. बाकावर ठेवून त्याने ते हळूच सोडलं. आत क्राऊन आणि पिनियन होते, मागच्या चाकांना ताकद पोचवणारे दोन दातेरी गिअर, नवे कोरे.

"फायनल गिअर बदलायचाय," तो म्हणाला. "आत्ता दातांच्या प्रमाणात चार-एक आहे. चार-सात हवा."

बाहेर त्याची गाडी उभी होती, जुनी, हिरवी, दोन सीटांची, उघड्या टपाची. नोव्हेंबरात एक दिवस डोंगराचा रस्ता बंद करून तिथे गाड्या वर पळवतात, त्यासाठी त्याला हा चढाचा गिअर हवा होता. चिझुरूने त्याला बजावलं की डोंगरावर गाडी प्रत्येक वळणातून उसळून निघेल, पण हायवेवर इंजिन नुसतं कोकलत राहील.

"हायवेने मला जायचंच कुठे आहे?"

"आणि वेगाचा काटा खोटं बोलेल. तो साठ दाखवेल तेव्हा तुम्ही जेमतेम बावन्नवर असाल."

"चालेल की," तो म्हणाला. "बघायला तर बरं वाटेल."

त्याचं नाव शूगो. दरीपलीकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी त्याच्या घराण्याचं जुनं अतिथिगृह होतं. वडील लवकर गेलेले, कारभार आईच्या हातात, आणि हा एकुलता एक. पाहुण्यांना वाकून निरोप देता देता त्याच्या बोलण्यात एक मऊपणा मुरला होता. तो कुणाशीही बोलला तरी समोरच्याला वाटे, हा आपल्याचसाठी आलाय.

चिझुरूचे वडील तोकुजी यांचा हात क्राऊन-पिनियनच्या कामात त्या सगळ्या खोऱ्यात नावाजलेला होता. पण मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. तेव्हापासून जुनी गिऱ्हाइकं दारात येत, स्टुलावर बसलेल्या काकांची विचारपूस करत, मुलीकडे एक नजर टाकत आणि साध्या ऑइल बदलण्यावर काम आटपून जात. चिझुरू वडिलांच्या हाताखाली शिकली होती, पण एवढं नाजूक काम तिने एकटीने कधी केलं नव्हतं. हा गिअर डोंगरावर दहा लोकांच्या देखत वाजणार होता. तो नीट बसला तर गॅरेज तगेल, नाही तर काय होईल ते बापलेकींना कळून चुकलं होतं…

तोकुजींनी गिअर डाव्या हातात घेऊन फिरवून पाहिला. "तूच बसव," एवढंच म्हणाले.

मग शूगो येऊ लागला. कधी अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरातली मुरवलेली पालेभाजी घेऊन, कधी आत वांगं भरलेले गरम उंडे. काम बघतो म्हणायचा, बघायचा मात्र तिच्याकडे. ती दातांना पिवळा रंग फासायची, गिअर फिरवायची आणि दात कुठे टेकले त्याचा ठसा उजेडात धरून वाचायची.

"रंग कशाला?" त्याने एकदा विचारलं.

"कोण कुणाला कुठे टेकतंय ते कळतं."

"माणसांनाही लावता आला असता तर…"

"तुम्हाला लावला तर गावभर ठसे निघतील," ती मान वर न करता म्हणाली. "येईल त्याला हसून दाखवता."

तो मोठ्याने हसला. कोपऱ्यात तोकुजींनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

गाडी जोडून झाली त्या दुपारी दोघं ती फिरवायला निघाले. पाऊस थांबला होता, टप उघडं, सफरचंदांच्या बागांमधून ओला वास येत होता. पहिलंच वळण संपताच गाडी अशी झेपावली की चिझुरूच्या तोंडून हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी हसली असेल ती तशी. पुढे उतारावर शूगोने पाय उचलला… आणि मागून एक बारीक स्वर उमटला. डास कानाशी गुणगुणावा तसा. पाय दाबला की गायब, उचलला की पुन्हा हजर.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"काय?"

"मागून. आवाज."

"मला तर काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "झकास झालंय. मी काकांना तसंच सांगणार."

"तुम्हाला ऐकू आलं. तुमची भुवई हलली."

त्याने नजर रस्त्यावर वळवली. मग ओशाळून म्हणाला, "तुम्ही इतक्या खूश होतात… मला मोडवेना."

ती भडकली. गाडी परत घ्यायला लावली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा खोललं. पिनियन केसभर जास्त आत बसला होता. त्यामागची पातळ चकती बदलायची, पुन्हा रंग, पुन्हा ठसा. या सगळ्या वेळात शूगो बाह्या सरसावून तिच्या शेजारी बसला, पाने-पकडी पुढे करत. तिचा राग केव्हा विरला ते तिलाच कळलं नाही. उरलं ते एवढंच — आपल्याला वाईट वाटू नये म्हणून आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. वडिलांनी तर कधीच नाही. तिने त्या खोट्यालाच माया समजून मनात ठेवून दिलं.

या खेपेला गाडी मागून मुकी निघाली.

नवा गिअर लगेच दामटायचा नसतो. दात एकमेकांना रुळेपर्यंत गाडी हळू, बेताने चालवावी लागते. त्या निमित्ताने ऑक्टोबरातले रविवार नदीकाठच्या रस्त्यावर गेले. घरांच्या पडवीत सोललेली पर्सिमनची फळं वाळत टांगलेली, असामा ज्वालामुखीच्या माथ्यावर धुराची एक रेघ, आणि बोलणं संपतच नव्हतं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आधी कोण घसरलं, यावर दोघं लटकं भांडत.

एका झिमझिमत्या दुपारी धरणाच्या भिंतीपाशी टप ओढून ते बसले होते, हातात डब्यातली गरम कॉफी. काचा वाफेने भरल्या होत्या. त्याने आपल्या रुमालाने तिच्या गालावरचा डाग पुसला… पुसून झाल्यावरही हात तिथेच राहिला.

"चिझुरू, डोंगर झाला की मी काकांशी बोलतो," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी येतो."

"काय बोलशील?"

"तुझ्याशी लग्न करायचंय. आणि तुला गॅरेज सोडायला नको. मीच इकडे येईन, तुमचं आडनाव लावीन."

घरजावई होऊन ये, हे तिने मागितलं नव्हतं, मागायची तिची छातीही झाली नसती. आणि त्याने ते आपणहून ओंजळीत घालावं… तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तुझी आई काय म्हणेल, असं तिने विचारलं, तेव्हा आईचं मी बघतो म्हणाला. तिला तेवढं पुरलं. घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं. तोकुजी बराच वेळ डाव्या हाताने उजवी बोटं चोळत बसले, मग म्हणाले, "पोरगा गोड आहे." दुसऱ्या दिवशी वरची खोली जावयासाठी मोकळी करायला तिथल्या जुन्या पेट्या त्यांनी स्वतः, एका हाताने, ओढत खाली आणल्या.

नोव्हेंबरातला तो दिवस लख्ख उजाडला. लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. चिझुरू अवघड वळणावर दोरीमागे उभी होती. हिरवी गाडी आली, वाकली, आणि वळण संपायच्या आत अशी सुटली की शेजारचा, जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक जण मागच्याला विचारता झाला, "कुणी बसवलाय रे हा गिअर?"

"कानबारा काकांच्या लेकीने."

तो वळून तिच्याकडे बघत राहिला, मग टोपी काढून म्हणाला की आपलीही गाडी हिवाळ्यात आणीन म्हणतो. तिला वाटलं, आजच्या दिवशी आणखी काही मिळालं तर ते ठेवायला जागा नाही.

वर मैदानात ती पोचली तेव्हा शूगो अजून गाडीपाशी होता. वाटेत एक किमोनो नेसलेल्या बाई आणि त्यांच्यासोबत एक तरुण मुलगी उभी होती. मुलीच्या हातावर शूगोचं जाकीट घडी करून ठेवलेलं. बाईंनी चिझुरूला पाहिलं आणि खोल वाकून नमस्कार केला.

"कानबारांची मुलगी ना तुम्ही? माझ्या शूगोचे फार लाड पुरवलेत. त्याची ही शेवटची हौस. त्याने आम्हाला शब्दच दिलाय, डोंगर झाला की गाडी विकून टाकतो म्हणून."

त्यांची नजर क्षणभर चिझुरूच्या नखांवर गेली आणि सभ्यपणे परत आली. ही सायोको, त्यांनी ओळख करून दिली. आमच्या शेजारच्या अतिथिगृहाची धाकटी लेक. वसंतात तिचं नि शूगोचं लग्न आहे.

चिझुरूने सायोकोला विचारलं, "केव्हा ठरलं?"

"ऑगस्टमध्ये," सायोको म्हणाली. "पितरांच्या सणाला ते आमच्याकडे आले होते. त्यांनीच विचारलं."

म्हणजे ते भिजलेले बूट गॅरेजच्या दारात यायच्याही आधी.

शूगो हेल्मेट हातात घेऊन हसत येत होता. तिघींना एकत्र पाहून त्याचं हसू अडलं, पण गेलं नाही. त्याने चिझुरूला गाड्यांच्या ओळीमागे नेलं.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "आईला नाही म्हणता आलं नाही. मग तू भेटलीस… तुलाही नाही म्हणवेना."

"मी तुझ्याकडे काही मागितलं होतं?"

"नाही. पण तुझा चेहरा असा उजळायचा…" त्याचे डोळे खरोखर भरले होते, हेच वाईट होतं. "धरणापाशी बोललो ते खरं होतं, चिझुरू. तू आत्ता म्हण, मी सगळं मोडतो."

"मी काही म्हणणार नाही. तू जा आणि सायोकोला सांग. मी इथे उभी आहे."

तो गेला. खांदे ताठ करून, खरंच निर्धाराने गेला. तिला इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. त्याने तोंड उघडलेलं दिसलं, सायोकोने त्याच्याकडे वर पाहिलेलं दिसलं. मग आई हसली, सायोकोही हसली, आणि दोघींनी चिझुरूच्या दिशेने वळून पुन्हा एकदा वाकून आभार मानले.

तो परत आला. "आज नको," म्हणाला. "इतकी खूश आहे ती आज."

चिझुरूला वाटलं होतं आपण रडू, किंवा त्याच्या थोबाडीत देऊ. यातलं काहीच झालं नाही. तो जे बोलला होता ते त्या त्या वेळी खरं होतं, ज्याच्या त्याच्या तोंडावर खरं, आणि चार पावलं पुढे गेलं की संपलेलं. ती त्याला ओलांडून सायोकोपाशी गेली. आई कुणाशी तरी बोलण्यात गुंतली होती.

"मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. नदीकाठचे रविवार, धरण, आज संध्याकाळी वडिलांकडे यायचं ठरलं होतं तेही.

सायोकोने मध्ये एकदाही तोडलं नाही. जाकिटाच्या घडीवरची तिची बोटं तेवढी पांढरी पडली.

"आमच्याकडे ठरलेलं लग्न मोडत नाही," ती शेवटी म्हणाली. "दोन घरांचा धंदा त्यावर चालतो. पण आता मला माहीत असेल." थोडं थांबून, अगदी हळू आवाजात तिने जोडलं, "तुम्ही सुटलात."

चिझुरू बसने घरी आली. सुटल्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. खिडकीतून नदी दिसत होती आणि त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाशी त्याचं एखादं वाक्य उभं होतं.

घरात दिवे नुकतेच लागले होते. तोकुजींनी दाढी केली होती, हनुवटीवर दोन जागी कापलं होतं. चुलीवर आधण होतं, ओट्यावर त्यांनी एका हाताने मळून कापलेल्या सोबा शेवया, काही जाड, काही तुटक्या, आणि मेजावर तीन वाट्या. गाडी किती छान गेली ते त्यांना कुणीतरी फोनवर आधीच कळवलं होतं. लेकीकडे पाहताना त्यांचा वाकडा पडलेला ओठसुद्धा हसत होता.

"तो येतोय ना मागून?"

उशीर होणारे, अतिथिगृहात पाहुणे आलेत, उद्या येईल… किती सोपं होतं. ओठांवर आलंसुद्धा. तेवढा एक दिवस तरी म्हातारा खूश राहिला असता.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तो येणार नाही. त्याचं लग्न आधीच ठरलेलं होतं."

तोकुजी उभेच राहिले. आधण उकळून बाहेर सांडायला लागलं तेव्हा त्यांनी आच कमी केली. मग तिसरी वाटी उचलायला म्हणून त्यांनी हात पुढे केला. उजवा. सवयीने. बोटं वाटीला लागली, पण धरेनात.

चिझुरूने ती उचलून फडताळात ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली.

"खाऊन घे," तोकुजी म्हणाले. "गार झालं की चिकटतं."

ती खाऊ लागली.